भाऊसिंगजी रोडवरचा चहा

कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवर शंभरेक वर्षांपूर्वी चहाचं एक साधंसं हॉटेल होतं. नाव ‘सत्यसुधारक’. मालक गंगाराम कांबळे. आधणाला चहा असायचा, कपबशा धुऊन मांडलेल्या असायच्या, पण गिऱ्हाईक फिरकायचं नाही. मालक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला, एवढं कारण पुरेसं होतं. मग एक दिवस छत्रपती शाहू महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची गाडी, त्या हॉटेलासमोर थांबला. महाराजांनी चहा मागवला, भर रस्त्यात सगळ्यांदेखत प्यायला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. हे एकदाच घडून थांबलं नाही. त्या बाजूने जाताना तिथला चहा घ्यायचा, हा महाराजांचा शिरस्ताच झाला.

शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम त्यांनी काढला. तो हुकूम इतिहासाच्या पुस्तकात आहे आणि असायलाच हवा. पण कोल्हापुरात शाहूंच्या आठवणी निघाल्या की चहाची गोष्टही तितक्याच अगत्याने सांगितली जाते. राजाच्या दिवसातली ती जेमतेम पाच-दहा मिनिटं. तेवढ्या वेळात असं काय झालं, की ते शंभर वर्षं सांगत राहावं?

उत्तर शोधायचं तर हॉटेल निघण्याआधीचा प्रसंग पाहावा लागतो. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकरीला होता. तिथल्या राखीव हौदाच्या पाण्याला तो शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांच्या कानावर हे गेलं. मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली आणि गंगारामला सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, लागेल ती मदत मी करतो. त्यातून हॉटेल उभं राहिलं. म्हणजे ज्या हातांनी पाण्याला स्पर्श केला म्हणून मार बसला, त्याच हातांनी उकळलेलं पाणी आता गावाला विकायचं होतं!

गंगारामने कापडाचं किंवा धान्याचं दुकान काढलं असतं तर हा पेच इतका टोकदार झाला नसता. शिवाशिवीच्या नियमांची रचना बारकाईने पाहिली की चक्रावून जायला होतं. कोरडा शिधा चालतो, शिजवलेलं अन्न चालत नाही. शेतातलं धान्य त्याच हातांनी कापून, मळून, पोत्यात भरून घरात येतं आणि ते चालतं. तेच हात पाण्याच्या रांजणाला लागले की विटाळ! तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही, पण तांब्या त्याच्या हातात द्यायचा नाही. त्याने वाकून ओंजळ धरायची आणि देणाऱ्याने वरून धार सोडायची. मजुरीचे पैसे हातावर ठेवायचे नाहीत, वरून टाकायचे. गावातल्या चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी, ती ज्याने वापरली त्यानेच विसळून वेगळ्या कोनाड्यात ठेवायची.

यातली मेहनत मोजून पाहा. दोन प्रकारची भांडी ठेवायची, कुठलं कोणाचं हे लक्षात ठेवायचं, धार किती उंचावरून सोडायची याचा हाताला अंदाज हवा, दारात आलेला माणूस कुठवर येऊ शकतो याची अदृश्य रेघ घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. लहान मुलाला हे कुणी पोथी उघडून शिकवत नाही. ते आजीचा हात पाहतं, आईचं दार लोटणं पाहतं आणि पाच-सहा वर्षांचं होईतो पक्कं शिकून जातं. विषमता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादी अवाढव्य, दगडी, आपोआप टिकून राहिलेली गोष्ट येते. जवळून पाहावं तर ती आपोआप मुळीच टिकत नाही. तिला दररोज हजारो हातांची बारीकसारीक चाकरी लागते. आणि जे रोज करावं लागतं, ते एखाद्या दिवशी न करणंही शक्य असतं. भाऊसिंगजी रोडवर घडलं ते हेच.

आपल्या राज्यघटनेला ही गोष्ट पुरती माहीत होती. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात भाषण, उपासना, जीवित यांसारखी भव्य शब्दकळा आहे आणि तिच्याच शेजारी, कलम १५ मध्ये, दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या पायाभूत कायद्यात आंघोळीचा घाट कशाला? कारण माणसाचा अपमान व्हायचा तो तिथेच व्हायचा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा प्रश्न निघाला की दुकानांत लाँड्री आणि केशकर्तनालय येतं का. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खुलासा केला की नुसता आत शिरण्याचा हक्क इथे अभिप्रेत नाही. मोबदला घेऊन सेवा देणाऱ्याने ती कुणालाही नाकारता कामा नये, असा व्यापक अर्थ आहे. स्वतंत्र देशाचं सर्वोच्च सभागृह दाढी-कटिंगच्या खुर्चीचा विचार करत होतं!

पण कायदा झाला म्हणजे हात बदलतात असं नाही. याचा सगळ्यात लख्ख दाखला महाडचा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम फत्ते झालं. तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, अन्य धर्मांची माणसं पाणी भरत होती. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांच्यापैकी मात्र कोणी पायऱ्या उतरायला धजत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ती पायरी उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. मागोमाग हजारो लोकांनी घेतलं. परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळं ‘शुद्ध’ करायला पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. ठराव, ओंजळ आणि निकाल या तिन्हींना मिळून चौदा वर्षं लागली. मधली ओंजळ काढून टाका, आणि तो ठराव दप्तरात धूळ खात पडला असता.

महाडच्या त्या गर्दीत काही सवर्ण सहकारीही होते. अनंतराव चित्रे होते, महाडचेच सुरेंद्रनाथ टिपणीस होते. हजारोंच्या समुदायात दोन-चार माणसांनी असा काय फरक पडणार, असं वाटू शकतं. इथे मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग मदतीला येतो. सॉलोमन ॲश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आसपास काही विद्यार्थ्यांना रेघा दाखवल्या आणि विचारलं, या तिघींपैकी कोणती त्या पलीकडच्या रेघेएवढी आहे? उत्तर शेंबड्या पोरालाही दिसेल इतकं उघड. पण खोलीतले बाकी सगळे ॲशचे साथीदार होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देत होते. मग खरा विद्यार्थीही साधारण तिसरा हिस्सा वेळा डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांच्या सुरात सूर मिसळायचा. पुढे ॲशने एक छोटा बदल केला. साथीदारांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. लगेच विद्यार्थ्यांची चुकीची उत्तरं आधीच्या एक चतुर्थांशावर आली. बहुमत तेवढंच राहिलं होतं. फक्त एकमत मोडलं होतं.

ही बाब मन लावून समजून घेण्यासारखी आहे. रूढीचा जोर पाळणाऱ्यांच्या संख्येत जेवढा असतो, त्याहून ‘सगळेच पाळतात’ या समजुतीत जास्त असतो. आणि ही समजूत पुष्कळदा साफ खोटी असते. सौदी अरेबियात विवाहित तरुणांचा एक अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का, असं एकेकट्याला विचारल्यावर बहुतेकांनी ‘करावी’ म्हटलं. पण तुमच्या आसपासच्या इतरांना काय वाटत असेल, यावर त्यांचा अंदाज होता की बाकीच्यांचा पाठिंबा बराच कमी असेल. प्रत्येकाला वाटत होतं, मी तेवढा सुधारलेला, समाज काही तयार नाही! मग काही जणांना खरा आकडा सांगितला. फक्त सांगितला, उपदेश काही केला नाही. तर पत्नीचं नाव नोकरीसाठी नोंदवायला त्यांच्यातले अधिक जण राजी झाले. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोकही हाच प्रश्न स्वतःला विचारत बसलेले होते.

आता शाहू महाराजांचा चहा पुन्हा समजून घेता येतो. तो वाड्यावर मागवून प्यायला असता तर गंगारामचे चार पैसे झाले असते, बाकी काही हललं नसतं. तो रस्त्यावर, सर्वांसमोर, पुन्हा पुन्हा प्यायला गेला. बघणाऱ्यांच्या मनातलं एकमत तिथे तडकलं. राजाचा अधिकार त्यामागे होता, हे खरं. सर्वसामान्य माणसाकडे तो नसतो, म्हणून १८६८ सालचं उदाहरण मला जास्त थोर वाटतं. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ना कोणता ठराव पाठीशी होता, ना संस्थान. महाडच्या एकोणसाठ वर्षं आधी एका नागरिकाने, स्वतःच्या ताब्यात जेवढं पाणी होतं, तेवढं मोकळं केलं. शाळा काढल्यापायी जोतीराव आणि त्यांच्या पत्नीचं वडिलांचं घर १८४९ मध्येच सुटलं होतं. आपल्याच जातभाईंचा रोष काय असतो, ते या नवरा-बायकोला नव्याने शिकायचं नव्हतं. गावचे पाणवठे त्यांच्या हातात नव्हते. अंगणातला हौद होता.

मग नुसतं एकत्र आलं, जवळ आलं की माणसं बरोबरीने वागू लागतात का? इथे सावध राहायला हवं. गावगाड्यात सगळ्या जाती एकमेकांच्या जवळच होत्या. रोज एकमेकांचं तोंड पाहत होत्या आणि रोज एकमेकांना जागा दाखवत होत्या. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं की सहवासाने पूर्वग्रह कमी होतात, पण त्याला अटी आहेत: भेटणाऱ्यांचा दर्जा त्या ठिकाणी बरोबरीचा हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि कायद्याचा किंवा वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. पुढच्या अर्धशतकात या कल्पनेवर जगभर पाचशेहून जास्त अभ्यास झाले. त्यांची २००६ मध्ये एकत्र छाननी झाली, तेव्हा सूत्र एकंदरीत टिकून राहिलं. या अटी पुऱ्या नसल्या तरी सहवास थोडंफार काम करतो. त्या असल्या की अधिक करतो.

भारतात याची परीक्षा झाली ती चक्क क्रिकेटच्या मैदानावर. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू लो यांनी या प्रयोगात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोपवून त्यांतल्या बऱ्याच जणांचे संघ पाडले आणि त्यांचे महिनाभर सामने घेतले. बाकीचे तुलनेसाठी बाहेर ठेवले. कुणी मिश्र जातींच्या संघात पडला, कुणी एकाच जातीच्या. मिश्र संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली, आणि पुढे निवड करताना आपल्याच जातवाल्याला झुकतं माप देणं कमी झालं. मात्र परजातीची मुलं समोरच्या संघात असली की परिणाम उलट्या दिशेला जाई. मैदान तेच, चेंडू तोच, माणसं तीच. आपल्या बाजूने धाव काढणारा आणि आपली विकेट काढणारा, एवढाच फरक!

दुसरा अभ्यास दिल्लीतला. २००७ च्या सुमारास तिथल्या अनेक श्रीमंती खासगी शाळांना गरीब घरांतल्या मुलांसाठी जागा राखणं भाग पडलं. पालकांना धास्ती होती, आमची मुलं बिघडतील. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने नंतर तपासलं, तर गरीब वर्गमित्र असलेली सधन मुलं अधिक उदार निघाली, समाजकार्याला आपणहून पुढे येणारी निघाली आणि भेदभाव कमी करणारी निघाली. त्यांना रिलेच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं. बक्षीस मोठं असलं की जवळजवळ सगळेच वेगाने पळणारा निवडत, तो गरीब असला तरी. बक्षीस लहान असलं की काही जण हळू पळणारा पण आपल्यासारखा श्रीमंत निवडायचे. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ते असं कमी वेळा करायचे. यातली सगळ्यात गोड बाब अशी: काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरानुसार पाडले जात. कोणाच्या गटात कोण येणार हे केवळ बारशाला ठेवलेल्या नावावर ठरत होतं. आणि गटात प्रत्यक्ष बरोबर बसून गणितं सोडवण्याचा परिणामात मोठा वाटा होता. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता. एकाच बाकावर बसण्यात काय असतं, ते त्यांना कोणत्याही आकडेवारीविना कळलं होतं.

आता स्वयंपाकघराकडे वळू. २०११-१२ मध्ये इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे या देशव्यापी पाहणीत चाळीस हजारांवर कुटुंबांना विचारलं गेलं, तुमच्या घरी कुणी अस्पृश्यता पाळतं का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी तिने वापरली, तर चालेल? दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता निघाली. दुसरा प्रश्न ज्याने सुचवला त्याला भारत चांगलाच ठाऊक असणार. आपल्या मताची परीक्षा दिवाणखान्यात होत नाही, भांड्यांच्या मांडणीपाशी होते.

शहरी फ्लॅटमधली ती मांडणी जरा नीट पाहा. कपांचा सेट एका ओळीत टांगलेला. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, नाहीतर सिंकच्या शेजारी, एक निराळा कप: कान तुटलेला, किंवा काठाचा टवका उडालेला. तो फेकून का दिलेला नाही? कारण तो कामाच्या मावशींचा आहे. चहा त्यांना रोज मिळतो, आपुलकीने मिळतो, आलं घालून मिळतो. जात कुणी विचारलेली नसते. विचारलं तर घरची बाई मनापासून म्हणेल, आम्ही असलं काही मानत नाही. तिचं खरंच आहे. ती मानत नाही, फक्त करते. मावशी त्या कपात चहा घेऊन ओट्यापाशी उभ्या राहून, नाहीतर जमिनीवर बसून पितात आणि कप स्वतः विसळून परत खिडकीत ठेवतात. टपरीवरचा कोनाडा सोळाव्या मजल्यावर आला आहे. खाली लिफ्टपाशी पाटी असते, घरकामगारांनी दुसरी लिफ्ट वापरावी.

करुणा आणि समता यांची गाठ इथे पडते. या घरात करुणेची वाण नाही. मावशींच्या पोरीची फी भरली जाते, दिवाळीला साडी मिळते, तापात गोळी मिळते. पण देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी करुणा घेणाऱ्याला मिंधं करते. आठवड्याची भरपगारी सुट्टी ही साडीहून मोठी गोष्ट आहे, कारण तिच्यासाठी आभार मानावे लागत नाहीत. सेटमधला कप, बसायला खुर्ची, पोरीबाळींनीही ‘ए मावशी’ न म्हणता ‘अहो मावशी’ म्हणणं, खाडा झाल्यावर आधी तब्येत विचारणं: यांना पैसा लागत नाही, थोडा संकोच लागतो. पहिल्या दिवशी अवघडायला होतं, दोन्ही बाजूंना होतं. मावशीही म्हणतील, राहू द्या, आपला तोच कप बरा. हे अवघडणं म्हणजे हाताची जुनी सवय मोडत असल्याची खूण. गेल्या पिढ्यांनी विषमता ज्या वाटेने शिकली, पाहून पाहून आणि करून करून, त्याच वाटेने समताही शिकता येते. घरातलं लहान मूल मोठ्यांचे हात पाहतच असतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं घेऊन शेवटी जेवायला बसणारी आईही त्याला दिसत असते.

एका कपाने व्यवस्था बदलते असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. शाहूंनी चहा प्यायला तसे हुकूमही काढले. बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि मग दहा वर्षं कोर्टात झुंज दिली. कायद्यावाचून ओंजळ असुरक्षित असते, आणि ओंजळीवाचून कायदा कोरडा राहतो. ज्यांनी काही मिळवलं त्यांनी दोन्ही केलं. पण दोहोंतलं ओंजळीचं काम दुसऱ्या कुणाला वाटून देता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला बंदी केली आहे आणि त्या कलमाला घराचा उंबरठा अडवत नाही. तरी भांड्यांची मांडणी तपासायला कुणी इन्स्पेक्टर येणार नाही, आणि येऊही नये. तिथला अंमल आपलाच आहे. देशात फारच थोड्या जागा अशा असतात जिथे एका माणसाच्या निर्णयाने, कुणाची सही न घेता, आजपासून नियम बदलतो. स्वयंपाकघर ही त्यांपैकी एक.